शेजारच्या सीटसाठी शॉकअप

४ फेब्रुवारी

भावोजी,

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही एकदा सुरू झालात की मला मध्ये शब्द घालायला जागा मिळत नाही, आणि तुमच्यामागे वर्कशॉपमधलं ते शॉकअपच्या चाचणीचं यंत्र धडधडत असतं ते वेगळंच. कागदावर तरी वहिनीचं बोलणं पुरं होईल. उत्तर मात्र स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवा. घरच्या पेटीतली पत्रं हल्ली इकडेतिकडे होतात.

काम असं आहे. आमच्या गाडीचे, पिवळीचे, शॉकअप बदलायचे आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तीन प्रकार दाखवले: एका नॉबचे, दोन नॉबचे आणि तीन नॉबचे. नॉबचं मला भय नाही, उभा जन्म रेकॉर्डिंगच्या टेबलावर नॉबच फिरवत आलेय. पण तिथं काय फिरवलं की काय होतं हे मला माहीत असतं. इथं मेकॅनिकला विचारलं तर म्हणतो, ‘मॅडम, जितके नॉब जास्त तितकं चांगलं.’ हे काही उत्तर झालं?

मला मऊ हवेत. म्हणजे खरंच मऊ. आणि तरीही मे महिन्यातल्या घाटाच्या शर्यतीत गाडी वळणावर एका अंगावर लोळायला नको. शर्यतीचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच, एकाने चालवायचं आणि एकाने शेजारी बसून पुढची वळणं कागदावरून मोठ्याने वाचायची. गेल्या वर्षी त्या दातांच्या डॉक्टर नवरा-बायकोने आम्हाला निसटतं हरवलं आणि बक्षीस घेताना बाई सगळे दात दाखवून हसल्या. ते हसू माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

तर सांगा, कोणते घेऊ. मऊ कशाला हवेत असं विचारू नका.

तुमची,
गाडीवेडी वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वर्कशॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. चारही कामगार हसले आणि माझी बायको त्यांच्यापेक्षा जास्त हसली. घाटात भल्याभल्यांना घाम फोडणारी आमची वहिनी म्हणते, मला मऊ हवेत. वहिनी, वय झालं का हो? सांगा तसं. मागे एक उशी आणि पायाशी शाल, असा सेट बनवून पाठवतो.

आता थट्टा पुरे. एका नॉबच्या शॉकअपमध्ये फक्त उसळी सांभाळता येते, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती जोरात वर येणार ते. दोन नॉबमध्ये उसळी आणि दाब, म्हणजे स्प्रिंग किती सहज दबणार ते, दोन्ही वेगळे. तीन नॉबमध्ये दाबाचे पुन्हा दोन भाग होतात. तीन नॉबचे लोक मिरवायला घेतात आणि मग घाबरून हात लावत नाहीत. तुम्हाला दोन पुरेत. सोबत स्प्रिंग कडक घ्या. गाडी जमिनीला चिकटून चालेल, अंग थोडं खिळखिळं होईल, पण दातवाल्यांचे दात घशात जातील. घाट चढायला लागतात किती मिनिटं? तेवढा वेळ माणूस काहीही सोसतो.

मोजमापं पाठवा: गाडी जमिनीपासून किती उंच आहे, टायर कोणते, आणि तुम्हा दोघांची वजनं. वजन खरं लिहा, मी कुणाला सांगणार नाही.

तुमचा लाडका दीर


१७ फेब्रुवारी

भावोजी,

हसून झालं असेल तर ऐका. मी म्हटलं मऊ, म्हणजे मऊ. घाट चढायला लागणारी मिनिटं तुम्ही मोजलीत, पण घाटापर्यंत जायचा रस्ता कोण मोजणार? गोदामांच्या मागचा तो काँक्रीटचा रस्ता आठवतोय ना, जिथं दर चार ढांगांवर सांधा आहे? पिवळी तिथं प्रत्येक सांध्यावर टक्, टक्, टक् करत जाते आणि तो टक् थेट कंबरेत येतो. पूर्वी मला तो ऐकूही यायचा नाही. आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

वय झालं असं समजायचं असेल तर खुशाल समजा. तुमच्या बायकोला म्हणावं, घाटात एकदा माझ्या शेजारी बसून दाखव, मग हस.

मोजमापं सोबतच्या कागदावर आहेत. उंची चारही चाकांपाशी मोजलीय, टायरचा नंबर लिहिलाय. वजनं: मी बासष्ट, तुमचे दादा सदुसष्ट. खरी आहेत.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

वजनांचा कागद चार वेळा वाचला. तुमचं बासष्ट मान्य. दादा सदुसष्ट कसा?

मी जन्मात दादाला ऐंशीच्या खाली पाहिलेला नाही. स्प्रिंग निवडताना मी वजनं आधी बघतो, सवयच आहे, म्हणून नजरेत आलं. आधी वाटलं, घाईत आकडा चुकला असेल. पण तुमचा आकडा चुकत नाही. मग काल सरळ घरी फोन लावला. दादानेच उचलला. हवा कशी आहे, काम कसं आहे, असं गुळमुळीत बोलला. म्हटलं, बसून निवांत बोल की. तर म्हणाला, बसून बसून कंटाळा येतो, उभाच बरा आहे. नकाशे काढण्यात ज्याचा जन्म खुर्चीत गेला, तो माणूस हे म्हणतोय.

उशी आणि शालीची थट्टा मी केली ती आता मलाच टोचतेय. काय झालंय ते लिहा. लपवू नका.

तुमचा दीर


१ मार्च

भावोजी,

पकडलंत. ऐका तर.

नोव्हेंबरमध्ये तुमच्या दादांच्या कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. नीट झालं, काळजी नको. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ मला घातली होती. म्हणाले, ‘धाकट्याला कळलं तर सगळं टाकून उशाशी येऊन बसेल, काहीतरी बोलून हसवेल, आणि हसलं की टाके ओढतात.’ म्हणून ही पत्रं स्टुडिओतून चालली आहेत. घरच्या फोनवर बोलले असते तर शेजारच्या खोलीत त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला असता. कान माझ्याइतकेच तिखट आहेत त्यांचे.

आता चालतात, फिरतात, जेवतात. मणक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, गाडीत बसायला हरकत नाही, पण धक्के नकोत. पिवळीत बसवून त्यांना एकदाच दवाखान्यात नेलं. त्या गोदामांच्या रस्त्यावर हे एका हाताने दाराची कडी धरून बसले होते. तोंडातून चकार शब्द नाही. ओरडले असते, मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. घरी आल्यावर म्हणाले, ‘यंदा स्टुडिओतल्या त्या तबलजीला शेजारी बसव. ताल पक्का आहे त्याचा, वळणं बरोबर वाचेल.’ आणि आपलं हेल्मेट पुसून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं.

मला तबलजी नको. घाटात माझ्या कानाशी दुसरा कुणाचा आवाज मला चालणार नाही. हा आवाज ‘डावा तीन’, म्हणजे डावीकडे तीन नंबरचं वळण, म्हणतो तेव्हा मी डोळे मिटूनसुद्धा वळेन. ते शेजारी नसतील तर मी शर्यतीत उतरणार नाही, आणि मी उतरले नाही तर हे उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत बसतील. ओळखते मी त्यांना. एप्रिल संपायच्या आत क्लबला दोघांची नावं द्यायची आहेत.

मला जिंकायचंही आहे. पण आधी ते शेजारी हवेत. आता सांगा, मऊ शॉकअप कोणते? आणि धावत येऊ नका.

वहिनी


८ मार्च

वहिनी,

धावत येत नाही. बायकोने दारातच अडवलं. म्हणाली, तुम्ही गेलात तर हसवून हसवून दादांची पाठ दुखवाल आणि वहिनींचा विश्वास उडेल. ती बरोबर बोलते तेव्हा मला फार राग येतो.

थट्टेबद्दल कान पकडतो. आणि दोन नॉबचा सल्लाही परत घेतो. तीन नॉबचेच घ्यायचे. कारण सांगतो, कारण तुमचा ‘मऊ, मऊ’ हा धोशाही चुकीचा आहे.

शॉकअपच्या आत तेल असतं आणि त्यातून एक दांडा खालीवर होतो. गाडी वळणावर झुकते किंवा ब्रेकवर नाक खाली घालते, तेव्हा दांडा हळू सरकतो. चाक सांध्यावर आपटतं तेव्हा तोच दांडा झटक्यात सरकतो. गाडी हळू चाललीय की जोरात, याच्याशी ह्याचा संबंध नाही, दांडा कसा सरकतो एवढंच बघायचं. साध्या शॉकअपमध्ये एक मऊ केलं की दुसरंही मऊ होतं. मग गाडी लांब खड्ड्यात इतकी खोल बसते की आतल्या रबराच्या ठोकळ्यावर आदळते, आणि त्या दणक्यापुढे तुमचा टक् काहीच नाही. मऊ गाडीने पाठी मोडलेली माणसं मी पाहिलीत.

तीन नॉबमध्ये हळू दाब कडक ठेवता येतो आणि झटका मऊ. म्हणजे गाडी लोळणार नाही आणि सांधा कंबरेपर्यंत पोचणार नाही. दादासाठी हेच हवं.

मी एक संच स्वतः उघडून आतल्या, तेलाची वाट अडवणाऱ्या चकत्या बदलल्या आहेत. स्प्रिंग थोडी नरम घेतली आहे, दांड्याला जागा जास्त आहे. बेंचवर दिवसभर हाणून पाहिलं. प्रत्येक नॉब अठरा क्लिक फिरतो. हळू दाब: चार. झटका: चौदा. उसळी: नऊ. चारही चाकांना तेच ठेवा. तुमच्या मेकॅनिकला म्हणावं, बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट कर, हवेत लटकलेली असताना नको.

पार्सल निघालं आहे.

तुमचा, या वेळी न हसणारा दीर


२९ मार्च

भावोजी,

तुमच्यावर इतका विश्वास टाकायला नको होता.

शॉकअप बसवले. बोल्ट तुम्ही सांगितलं तसेच घट्ट केले, मी समोर उभी होते. नॉब माझ्या हाताने लावले: चार, चौदा, नऊ. तुमच्या दादांना सांगितलं, जुने गळत होते म्हणून बदलले, चला एक चक्कर मारू. मोठ्या मिनतवारीने तयार झाले. मी एकटी आधी चालवून बघायला हवं होतं, पण मला घाई झाली होती. त्यांचा आनंद बघायचा होता मला.

गोदामांच्या रस्त्यावर पहिल्याच सांध्याला टक्. पहिल्यापेक्षा जास्त कोरडा, जास्त टोकदार. मग पुलाआधीचा तो लांब उतार, तिथं गाडी होडीसारखी खाली गेली आणि तळाशी धप्प. खोल, जाड धप्प, सीटखालून आलेला. परत वर, परत धप्प. यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी गाडी थांबवली. हे उतरले आणि बंद गोदामाच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

दोन दिवस झोपून होते. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, नुकसान काही नाही म्हणाल्या, मला मात्र चांगलंच फैलावर घेतलं. काल हे शांतपणे म्हणाले, ‘विकून टाक पिवळी. किंवा तबलजीला घे. मी खिडकीतून हात करेन, मला त्यातही आनंद आहे.’ भावोजी, त्यांना त्यात आनंद नाही. मला ते वाक्य ऐकवेना.

गाडी विकायची जाहिरात स्टुडिओतल्या मुलीकडून लिहून घेतली आहे. तुमचे शॉकअप काढून परत पाठवू का, तेवढं कळवा.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

जाहिरात फाडा. आधी फाडा, मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र वाचलं. मग तुम्ही लिहिलेले आवाज एका कागदावर उतरवले. सांध्यावर जास्त कोरडा टक्, म्हणजे झटका कडक. लांब उतारावर होडी आणि तळाशी धप्प, म्हणजे हळू दाब मऊ आणि गाडी ठोकळ्यावर आदळतेय. मी जे लावायला सांगितलं त्याच्या नेमकं उलट. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर ‘गाडी धक्के देते’ एवढंच लिहिलं असतं आणि मी आंधळ्यासारखा चाचपडत बसलो असतो.

वहिनी, तुम्ही क्लिक कुठून मोजलेत?

मी सांगतो कुठून ते. नॉब पूर्ण सैल केलात आणि तिथून वर चार, वर चौदा. तुमच्या टेबलावर शून्य म्हणजे शांतता आणि तिथून आवाज वाढवत जायचा. तुम्ही दुसरं कसं मोजाल? आमच्या धंद्यात सगळे उलटं मोजतात. नॉब हळूच बंद होईपर्यंत पिळायचा, तिथं तो सगळ्यात कडक असतो, आणि तिथून मागे क्लिक मोजत यायचं. हे इतकं अंगवळणी पडलंय की लिहायचं मला सुचलंच नाही. मेकॅनिकला पत्र लिहिलं असतं तरी हे लिहिलं नसतं. चूक नॉबची नाही, तुमचीही नाही, माझी आहे. दादाला झोपवलं ते मी.

आता असं करा. प्रत्येक नॉब हळू बंद करा, जोर लावू नका, आत बारीक सुई असते, ती मोडेल. मग मागे मोजा: हळू दाब चार, झटका चौदा, उसळी नऊ. एकट्या जा. दादाला आत्ता काही बोलू नका. तुमचे कान घेऊन जा, मला दुसरं मोजमाप नको.

तुमचा, रात्रीची झोप उडालेला दीर


१६ एप्रिल

भावोजी,

जाहिरात फाडली. स्टुडिओतल्या मुलीने फार मन लावून लिहिली होती, तिला वाईट वाटलं.

मोजलं मी तुम्ही म्हणता तसंच, शून्यापासून वर. तुमचं पत्र वाचून आधी स्वतःवर चिडले, मग तुमच्यावर, मग हसू आलं. पण नॉब लगेच फिरवले नाहीत. आधी स्टुडिओतला एक मायक्रोफोन शेजारच्या सीटखाली पट्टीने बांधला, दुसरा सीटच्या पाठीला, यांची कंबर येते तिथं. चुकीच्याच नॉबवर गोदामांच्या रस्त्याने एक फेरी रेकॉर्ड केली. मग रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून सगळे नॉब बंद केले, मागे मोजले आणि त्याच वेगाने दुसरी फेरी.

अहो, काय सांगू. सांधे आले आणि गेले. पुलाआधीच्या उतारावर गाडी खाली गेली, तिथं कुणीतरी तळहातावर झेलावी तशी थांबली आणि निमूट वर आली. मी एकटीच गाडीत मोठ्याने हसले. मग लक्षात आलं, तुमचा हळू दाब म्हणजे माझा बेस आणि तुमचा झटका म्हणजे माझा ट्रेबल. एवढी तेलाची आणि दांड्याची कथा सांगण्यापेक्षा हे सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी समजलं असतं. त्यानंतर मीच थोडं जुळवलं: ट्रेबल आणखी दोन क्लिक उतरवला, बेस एक चढवला. कडकपणाच्या दिशेने, घाबरू नका, आता मोजता येतं मला.

घरी गेले. हे टेबलाशी नकाशा काढत होते. मोठ्या स्पीकरवर पहिली फेरी लावली. तिसऱ्या टक्ला यांचा हात आपोआप कंबरेवर गेला. ‘बंद कर ते,’ म्हणाले. बंद केलं आणि दुसरी लावली. पेन्सिल थांबली.

‘हा कुठला रस्ता?’

‘तोच.’

‘खोटं बोलू नकोस. सांधे कुठे गेले?’

‘आहेत तिथंच. नीट ऐका.’

पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी बोटाने टेबलावर टिचक्या मारत प्रत्येक सांधा बरोबर पकडला. पूल आला तेव्हा मान पुढे करून धप्पची वाट बघत होते. धप्प आलाच नाही. मला वाटलं आता प्रश्न विचारतील, ओरडतील, कारण सगळं माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हणाले, ‘माझे बूट कुठे आहेत?’

मी नाही म्हटलं. एकदा भाजलं होतं मला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही आधी बसा. बाई आहेत ताडमाड उंच, पिवळीत घडी घालून बसवल्या. गोदामांचा रस्ता, पूल, वळणं, सगळं दाखवलं. उतरल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, ‘रिक्षापेक्षा बरी आहे. बसू द्या त्यांना.’ मग पुन्हा दाराला हात घालून, ‘आणखी एक फेरी माराल?’

क्लबला नावं दिली. दोघांची. हेल्मेट यांनी स्वतः स्टुलावर चढून काढलं, मी स्टूल धरून शिव्या देत उभी होते.

शर्यतीला तुम्ही येऊ नका. तुम्ही दिसलात की हे तुम्हाला दाखवायला छाती काढून बसतील आणि पाठ अवघडेल. रागावू नका.

तुमची, पाय जमिनीवर न टेकणारी वहिनी


२३ एप्रिल

वहिनी,

रिक्षापेक्षा बरी. एवढी वर्षं शॉकअप बनवतोय, इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मिळालं नव्हतं. फळ्यावर लिहून ठेवलंय.

येत नाही. रागावलोय, पण येत नाही. एक शेवटचं ऐका. शर्यतीआधी तिथला कुणीतरी शहाणा सांगेल, उसळी घट्ट करा, गाडी बसून चालेल. करू नका. उसळी घट्ट झाली की चाक एका खड्ड्यातून वर येण्याआधी पुढचा खड्डा येतो, गाडी दबत दबत जाते आणि शेवटी तुमचा तो धप्प परत. नऊवरच ठेवा.

आणि जिंकलात तर कळवा. हरलात तरी कळवा. दादा वर पोचला एवढं कळलं तरी मी गावभर सांगत सुटणार आहे.

तुमचा दीर


१९ मे

धाकट्या,

मीच लिहितोय. तुझ्या वहिनीने काल शर्यतीला निघताना सगळं सांगितलं. माझ्या पाठीमागे माझ्याच पाठीचा कारभार दोघांनी केलात. यावर मी रागावणार होतो, पण वेळ मिळाला नाही.

घाटात दोन फेऱ्या असतात आणि त्यातली चांगली वेळ धरतात. पहिल्या फेरीत आम्ही दुसरे आलो. दातवाले पुढे. मी वळणं वाचत होतो आणि शेजारी तुझी वहिनी अशी चालवत होती, जणू मांडीवर झोपलेलं मूल आहे. प्रत्येक खड्ड्याआधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलत होती आणि माझ्याकडे बघत होती. रस्त्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे. खाली आल्यावर मी विचारलं, ‘तू मला दवाखान्यात नेतेयस का? तसं असेल तर सांग, मी झोपतो.’ ती म्हणाली, ‘परत तुम्हाला भिंतीला टेकलेलं बघायची माझी हिंमत नाही.’ मी म्हटलं, ‘मला एकही धक्का बसलेला नाही. तुझ्या शॉकअपवर तुझाच विश्वास नसेल तर बनवणाऱ्याने काय करावं?’

शेवटच्या चढाआधी उखडलेला पट्टा आहे, तुला माहीत आहे. तिथं सगळेच पाय उचलतात. माझ्या कागदावर तिथं दर वर्षी ‘जपून’ असा शब्द असतो. दुसऱ्या फेरीआधी तिच्यासमोर मी तो खोडला. तिने बघितलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

दुसरी फेरी मी शब्दांत सांगू शकणार नाही, मी नकाशे काढणारा माणूस आहे. ‘डावा तीन, उजवा दोन आवळत जाणारा, लांब सरळ,’ आणि माझं वाक्य संपायच्या आत ते वळण मागे पडलेलं. तिचे हात इतके हलके मी कधी पाहिले नव्हते. उखडलेला पट्टा आला. तिने पाय उचलला नाही. खालून दगड आणि खड्डे जातायत हे मला ऐकू येत होतं, जसं शेजारच्या घरात कुणी सामान हलवतंय. माझ्यापर्यंत काही आलं नाही. माझा आवाजही हलला नाही. गाडी सरळ, सपाट, आणि आम्ही इतक्या जोरात वर निघालो की मी ओरडलो. वाचायचं सोडून नुसताच ओरडलो. तीही ओरडली.

अर्ध्या सेकंदाने पहिले. आमच्यासारख्या गाड्यांच्या वर्गात आजवर कुणी इतक्या लवकर चढलेलं नाही, असं वेळ घेणाऱ्याने दोनदा सांगितलं. दातवाले आले, हात मिळवले, आणि डॉक्टर सूट घालून रस्त्यावर आडवे होऊन पिवळीच्या खाली बघायला लागले. बाईंना विचारलं, काय शोधतायत? म्हणाल्या, ‘तुमचे शॉकअप कुणी बनवले ते.’ तुझा पत्ता मी दिलेला नाही. पुढच्या वर्षीनंतर देईन.

हे सगळं होईपर्यंत तुझी वहिनी गाडीतच बसून होती. हेल्मेट काढलं होतं, हात स्टिअरिंगवर, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोक म्हणायला लागले, अहो, बाहेर या, फोटो काढायचाय. ती म्हणाली, ‘पाय थरथरतायत, उठता येत नाहीये.’ कुणीतरी माझ्यासाठी घडीची खुर्ची घेऊन पुढे आलं. मी त्याला बाजूला केलं, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला गेलो आणि दार उघडलं. पिवळी किती खाली बसते तुला माहीत आहे. मी वाकलो, दोन्ही हात दिले आणि तिला ओढून उभी केली. पाठीने हूं की चूं केलं नाही.

तुझा,
दादा